पिवळी ओढणी

शेजारच्या काकूंच्या कुत्रीला इंजेक्शन द्यायचं होतं, म्हणून मी सोबत गेले. दवाखाना नवा होता. मांजरांना बसायला वेगळी खोली, कुत्र्यांच्या पायाखाली रबराची चटई. डॉक्टरीणबाई सरळ जमिनीवरच बसल्या आणि कुत्रीकडे पाठ करून आमच्याशी गप्पा मारत राहिल्या. पाचेक मिनिटांनी कुत्री आपणहून आली, त्यांचं कोपर हुंगलं आणि मांडीला टेकून बसली. सुई कधी टोचली ते तिला कळलंही नसावं.

“तोंड नाही बांधायचं?” मी विचारलं.

“घाबरली असती तर बघितलं असतं. पण मुळात घाबरवायचंच कशाला?” त्या म्हणाल्या.

मला आमचा ढब्बू आठवला. जाऊन किती वर्षं झाली त्याला. जुन्या दवाखान्यात पत्र्याचं गुळगुळीत टेबल होतं. त्यावर त्याचे पाय घसरायचे, नखं करकरायची. कुणी “घट्ट धरा” म्हणायच्या आत मी माझ्या पिवळ्या ओढणीनं त्याचं तोंड बांधून टाकायचे. तो थरथरायचा, आणि मी चारचौघांत त्याच्यावरच ओरडायचे, नाटकं करतो म्हणून. त्याचे पाय ठरत नाहीयेत, एवढी साधी गोष्ट मला कधी दिसली नाही.

घरी ती ओढणी मी खांद्यावर टाकली, की तो पलंगाखाली शिरायचा. पाहुणे आले की मी हे मुद्दाम करून दाखवायचे. “आमच्या ढब्बूला पिवळा रंग आवडत नाही,” असं म्हणायचे, आणि आम्ही सगळे पोट धरून हसायचो.