पारड्याला बांधलेला शिंपला

नव्वदच्या दशकात गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात एक बाई सुकी मासळी घेऊन बसायच्या. नाव मी कधी विचारलं नाही. कोकणातून लेकीकडे नाशकात आल्या होत्या, एवढंच माहीत. गिऱ्हाईक नसलं की बोंबलांची तोंडं एका दिशेला लावत राहायच्या.

त्यांच्या तराजूचं एक पारडं हलकं होतं. त्याला दोऱ्यानं एक काळा शिंपला बांधलेला असे. शिंपल्याला बारीक गोल भोक होतं आणि दोरा त्यातूनच ओवलेला.

"भोक तुम्ही पाडलंत?" मी एकदा विचारलं.

"नाय हो. शंखानं."

सोडे तोलता तोलता त्या सांगू लागल्या. गावच्या समुद्रात खडकांवर असे शिंपले दाट असायचे. ते काढून विकणं हा तिथल्या बायकांचा धंदा. पण शंखातला किडा शिंपल्याला भोक पाडून आतलं मांस खातो, म्हणून बायकांनी मिळून सगळे शंख वेचून फेकले. मग शिंपले माजले. कालवं त्यांच्याखाली दबली, शेवाळाला जागा उरली नाही, शेवाळ खायला येणारे मासे फिरकेनात. थरावर थर चढले, खालच्यांची पकड सुटली आणि एका उधाणात खडक सोलून निघाला.

"चोर हाकलला आम्ही," त्या म्हणाल्या, "नि घरच गेलं."

मी शिंपल्याकडे बोट दाखवलं. "हा विकत द्याल?"

"दुसरं काय पण घ्या," त्या म्हणाल्या. "ह्याच्याबिगर काटा मधी येत नाय."