फिलोमीना टीचरांचा हिमालय

दरवर्षी पहिल्या तासाला फिलोमीना टीचर वर्गाला म्हणायच्या, "नखं दाखवा." मुलं घाईघाईने हात लपवायची. टीचर हसायच्या. "मळ बघत नाहीये रे! नखं वाढतात ना, साधारण तेवढ्याच वेगाने आपली अख्खी जमीन उत्तरेला सरकतेय. भुईगाव, आगाशी, तुम्ही, मी, सगळे."

आगाशीच्या शाळेत त्या भूगोल शिकवायच्या, मी गणित. भारत कधीकाळी आफ्रिकेला चिकटून होता, तिथून फुटून निघाला, समुद्र ओलांडत आशियावर आदळला आणि त्या टकरीत हिमालय उचलला गेला, हे त्या माहेरची गोष्ट सांगावी तसं सांगायच्या. "टक्कर अजून संपलेली नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

एकुलता एक मुलगा जोएल याच गोष्टीवर वाढला. नोकरी लागल्यावर तो मित्रांबरोबर हिमालयात जायला निघाला, तेव्हा त्याचे वडील पास्कोलकाका नको म्हणत होते. टीचरच म्हणाल्या, "जाऊ दे त्याला. मी नुसता फळ्यावर काढला, तो डोळ्यांनी बघून येईल."

तिथे भूकंप झाला. जोएल ज्या घरात उतरला होता, ते दगडांचं होतं.

चर्चमध्ये जोएलच्या आत्म्यासाठी झालेल्या मिस्सानंतर फादर म्हणाले, "देवाची इच्छा." टीचर शांतपणे म्हणाल्या, "इच्छा असती तर भांडले असते, फादर. जमीन सरकली. तो तिथे आहे हे तिला ठाऊकसुद्धा नव्हतं."

त्या वर्षी हिमालयाचा धडा दुसऱ्या कुणी घ्यावा, असं मुख्याध्यापकांनी सुचवलं. त्या ऐकेनात. मी शेजारच्या वर्गात होतो. एका मुलीने विचारलं, "टीचर, हे थांबवता नाही येत?"

"नाही गं बाय," एवढंच ऐकू आलं. त्या तासानंतर टीचर शाळेत आल्याच नाहीत.

मी भुईगावला त्यांच्या घरी भेटायला जायचो. नवरा-बायको ओट्यावर बसलेले असायचे, एकमेकांशी चकार शब्द न बोलता. एकदा मी म्हणालो, "टीचर, काळ जाईल तसं..."

"किती काळ, सर?" त्यांनी विचारलं. "माझ्याकडे डोंगरांएवढा नाही."

गेल्या नाताळानंतर त्या वारल्या. माती देऊन लोक पांगले, पास्कोलकाका कबरीपाशीच उभे राहिले. मी त्यांचा हात धरला.

"तिला वाटायचं, मी तिला दोष देतो, म्हणून बोलत नाही," ते म्हणाले. "तिच्यासमोर मी नको नको म्हणालो, सर. पण विरारला नेऊन त्याला डोंगराचे बूट मीच घेऊन दिले. ती शेवटपर्यंत समजत राहिली, त्याला एकट्या तिनेच पाठवलं."