ओल्या आंब्याचा पेला

खामगावात आमचं खरादाचं, म्हणजे लाकूड यंत्रावर फिरवून कातायचं दुकान आहे. खाटेचे पाय, लाटणी, पाळण्याचे दांडे बाबांनी आयुष्यभर घडवले आणि मी त्यांच्याजवळ उभी राहून ते शिकले. बाबांना लकवा मारला तेव्हापासून दुकान मी चालवते. हळूहळू त्यांची जीभ वळायला लागली, पाय चालायला लागले. उजवा हात मात्र अर्धवट मिटलेलाच राहिला. स्टीलचा पेला त्यातून सटकायचा. दोनदा अंगावर चहा सांडल्यावर त्यांनी तो हात पुढे करणंच सोडलं.

गेल्या वर्षी धामणगाव बढ्याकडच्या एका शेतकऱ्याचा आंबा वादळात पडला. त्याने चार ओंडके आमच्याकडे आणून टाकले.

"वर्षभर सुकू दे," बाबा म्हणाले. "ओलं चढवलं तं लाकूड मंग आपल्या मनाचं करते."

मला दम निघाला नाही. बाबा तपासणीला दवाखान्यात गेले त्या सकाळी मी एक तुकडा खरादावर चढवला. पटाशी टेकताच पाणी उडालं, चेहरा भिजला. सुक्या लाकडाचा भुगा पडतो. इथे हातभर लांब, ओल्या फिती सुटत होत्या. तासाभरात पातळ भिंतीचा एक गोल पेला तयार झाला. तो पोत्याखाली झाकून ठेवला.

पाचव्या दिवशी पोतं उचललं तर वाटलं, कोणीतरी पेला बदलला. तोंड लांबट झालं होतं. एक बाजू आत ओढली गेली होती, दुसरी बाहेर फुगली होती. चीर मात्र कुठेच नव्हती. माझं काम संपल्यावर लाकडाने आपलं काम सुरू केलं होतं, अंधारात, कुणाच्याही हाताशिवाय. मी पेला उचलून चहूबाजूंनी फिरवून पाहिला.

मागून बाबा आले. "हे कोनं बिघडवलं?"

"मीच."

"ओलं होतं?"

"हो."

भिंत किती पातळ आहे ते पाहायला त्यांनी हात पुढे केला. जुन्या सवयीने, उजवा. मी त्यात पेला ठेवला. चार बोटं आत गेलेल्या बाजूवर बसली, अंगठा फुगवट्याखाली अडकला. मी माझा हात काढून घेतला. पेला पडला नाही.

त्यांनी तो थोडा वर-खाली करून पाहिला. मग ते म्हणाले, "पानी टाक."

मी अर्धा पेला पाणी ओतलं. हात सावकाश वर गेला, ओठांना लागला. त्यांनी एक घोट घेतला, थांबले, दुसरा घेतला.

आई घरातून आली. "काऊन वं, एवढे गप काऊन दोघं?" मग तिला दिसलं आणि ती तिथेच ओंडक्यावर बसली.

त्याच ओंडक्याच्या त्याच अंगाचे तुकडे घेऊन, तेवढ्याच जाडीचे आणखी सहा पेले मी केले. सगळे वाकले, पण प्रत्येक वेगळा. एक चपटा झाला, एक कलला, एकाची कड लाटेसारखी उठली. बाबांनी एकेक उजव्या हातात धरून पाहिला. एकही हातात टिकला नाही.

पहिला पेला ते रोज वापरतात. पाणी पिऊन झालं की उलटा करून त्याच्या लाकडातल्या रेषा कुठे वळल्या ते न्याहाळत बसतात. कधी मीही शेजारी बसते.