गार्डकाकांचा सुहास

कर्जत तालुक्यात आजवर पुष्कळांनी पुष्कळ लिहिलं असेल, पण जिच्या नायकासाठी अख्ख्या चर्चने गुडघे टेकले, एका म्हातारीने उपास धरले आणि एका गॅरेजवाल्याने नोकरी राखून ठेवली, अशी कादंबरी लिहिणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे आमचे गार्डकाका. जन्मभर मालगाडीच्या शेवटच्या डब्यात उभं राहून मागे पळणारे रूळ बघितलेला हा गृहस्थ वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी लेखक झाला, आणि तोही कुणासाठी, तर चौदा ते अठरा वयाच्या ख्रिस्ती मुलामुलींसाठी. माझं तहसील कचेरीसमोर टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. वारसनोंदीचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं आणि लग्नपत्रिका यांच्या मधल्या वेळात ती कादंबरी मी टाइप केली, म्हणून हे सगळं मला सांगता येतं.

झालं असं, की काका चर्चमध्ये दर रविवारी मोठ्या मुलांचा वर्ग घेत. मुलं मान खाली घालून बसतात ती भक्तीने नव्हे, मांडीवरच्या मोबाइलमुळे, हे त्यांच्या लक्षात यायला दोन वर्षं लागली. चिडण्याऐवजी त्यांनी विचारलं, "बरं, वाचायला तरी काय आवडेल तुम्हांला?" तेव्हा चर्चचे धर्मगुरू म्हणजे पाळकसाहेब, त्यांची सोळा वर्षांची मुलगी म्हणाली, "काका, आपल्या सगळ्या गोष्टींत शेवटी मुलगा रडतो, बाप रडतो आणि सगळे मिळून गाणं म्हणतात. तसली नसेल तर वाचीन." काकांनी वर्गासमोर तिला शब्द दिला, तसली नसेल. आणि गार्डाचा शब्द म्हणजे हिरवा झेंडा, एकदा दाखवला की मागे घेता येत नाही, असं ते मला त्यानंतर निदान शंभरदा म्हणाले असतील.

लिहायची त्यांची तऱ्हा और होती. नोकरीत मिनिटामिनिटाची नोंद ठेवायची सवय, ती हातातून जाईना. "सुहासने सहा बेचाळीसला घर सोडले." इथपर्यंत ठीक होतं. पण "सात सतराला त्याला पश्चात्ताप झाला" हे टाइप करताना मी थांबले. म्हटलं, "काका, पश्चात्तापाला कशाला वेळ?"

"पोरी, वेळ लिहिली नाही तर तो झाला कशावरून?" काका म्हणाले. मी सात सतरा टाइप केलं.

शिवाय डबे मोजल्याशिवाय गाडी सोडायची नाही हा दुसरा नियम. प्रत्येक प्रकरण संपलं की ते बोटांवर माणसं मोजत. एकदा भर पावसात, छत्री उलटी झालेली, धोतराच्या निऱ्या असाव्यात तशी पँट हातात धरून काका दुकानात आले. मला वाटलं कुणी गेलं की काय. तर म्हणाले, "दुसऱ्या प्रकरणातली शेळी राहिली गं! ती पुढे कुठेच नाही." ती शेळी पाचव्या प्रकरणात बांधून घेतल्यावरच त्यांनी चहा घेतला. मुलांची भाषा पुस्तकात यावी म्हणून ते मुलांमागे डायरी घेऊन फिरत आणि ऐकलेला शब्द लगेच वापरून टाकत. सुहासची पहिली प्रार्थना "हे प्रभू, सीन काय आहे?" अशी होती. मी हात जोडले तेव्हा कुठे ती बदलली.

तर हा सुहास खोपोलीचा. बापाने भर चर्चमध्ये सगळ्यांदेखत मुस्कटात मारली म्हणून घर सोडून गेलेला आणि पळसदरीला पाहुण्यांना भाड्याने देतात अशा एका बंगल्यावर कामाला राहिलेला. सहा प्रकरणं धडधडत गेली आणि सातव्यात काका अडकले. पुढचं काही सुचेना. आता त्यांच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, रीत अशी, की उपासना संपली की ज्याला काही अडचण असेल त्याने उभं राहून सांगायचं. पाळकसाहेब ते वहीत लिहितात आणि आठवडाभर घरोघरी त्यासाठी प्रार्थना होते. काका उभे राहिले आणि गहिवरून म्हणाले, "आपल्या सुहाससाठी प्रार्थना करा. पोरगा घर सोडून गेलाय. पुढे त्याचं काय होणार, मला दिसत नाही."

काकांच्या मते यात लपवण्यासारखं काही नव्हतं. आपण कादंबरी लिहितोय हे सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा सुहास कोण हेही माहीत असणारच. पण काकांना मूलबाळ नाही, तेव्हा हा त्यांचा पुतण्या असणार, असं मंडळीने परस्पर ठरवलं. आणि ज्याच्या घरचं पोर पळून गेलंय त्याला खोदून विचारायचं नाही, एवढी समज त्या भल्या माणसांना होती. तीच नडली. दोन महिने सुहासचं नाव वहीत सर्वांत वर होतं. चौक गावच्या एका आजी दर शुक्रवारी त्याच्यासाठी उपास करू लागल्या. हायवेवर गॅरेज असलेल्या एका भाऊंनी जाहीर केलं, की पोरगा सापडला की माझ्याकडे पाठवा, काम शिकवीन. काका भारावून मला म्हणत, "बघ, वाचकांचा केवढा जीव जडलाय!" पुस्तक अजून माझ्याखेरीज एकानेही वाचलं नव्हतं.

आणि मग मी तेरावं प्रकरण टाइप करत होते. त्यात सुहास पळसदरीच्या धरणात एका पाहुण्याच्या मुलाला वाचवतो आणि स्वतः जातो. शब्द दिला होता ना, तसली गोष्ट नसेल म्हणून! नेमके त्या दुपारी गॅरेजवाले भाऊ लेटरहेड करून घ्यायला आले. माझ्या खांद्यावरून त्यांनी पडद्यावर वाचलं, "धरणाच्या पाण्यात सुहास दिसेनासा झाला," आणि पांढरेफटक पडले. "आपला सुहास? गार्डसायबांचा?" मी मान डोलावली. माझंही चुकलंच, मी बोटं थांबवून नीट बघायला हवं होतं. भाऊ लेटरहेड विसरून धावले.

संध्याकाळी पाच वाजता पाळकसाहेब गीतांची पुस्तकं काखोटीला मारून पंचवीस-तीस माणसांसह काकांच्या दारात उभे राहिले. मीही काकांना कागद द्यायला तिथे पोचले होते. पाळकसाहेबांनी काकांना मिठी मारली. त्यांच्या रीतीप्रमाणे म्हणाले, "सलाम, काका. धीर धरा. धरणावर आमची मुलं शोधायला गेलीयत." काकांचा चेहरा उजळला. "म्हणजे तेरावं प्रकरण तुम्ही वाचलंत? कसं वाटलं?"

पुढची दहा मिनिटं मी कधी विसरणार नाही. कुणी हसलं, कुणी रडलं, भाऊ तर दोन्ही करत होते. धरणावरच्या मुलांना फोन करून परत बोलावलं. मग पाळकसाहेबांचा आवाज चढला. "दोन महिने मंडळी गुडघ्यांवर आहे, आणि तुम्ही त्याला बुडवता? लोकांनी प्रार्थनेबद्दल काय समजायचं?"

"मी मुलांना शब्द दिलाय, साहेब. खोटा गोड शेवट लिहिणार नाही," काका म्हणाले.

चौकच्या आजी तोवर ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "म्हंजे पोर खरं नाय?"

"नाही आजी. मी लिहिलेलं आहे."

"म्हंजे त्याला आईबाप बी नायत?"

"आहेत की, पुस्तकात."

"पुस्तकातले काय कामाचे? म्हंजे त्याला आपल्याबिगर कुनीच नाय." आजींनी पदर सावरला. "मग तुमी त्याला मारताव कशाला, बाबा?"

त्यानंतर तीन आठवडे काका रोज दुकानात येऊन स्टुलावर बसायचे आणि एक ओळही न लिहिता उठून जायचे. चहाही नको म्हणायचे. एकीकडे त्या मुलीला दिलेला शब्द, दुसरीकडे आजींचे सारे शुक्रवार. मला त्यांची फार कीव आली. एकदा मीच म्हटलं, "काका, जगू द्या की." ते म्हणाले, "जगवणं सोपं आहे गं. जगून तो बापासमोर कसा उभा राहील, ते मला येत नाही लिहायला."

शेवटी आलं. नव्या तेराव्या प्रकरणात सुहास पोराला घेऊन पाण्याबाहेर येतो, ओल्या कपड्यांनी पळसदरी स्टेशनवर जातो आणि खोपोलीच्या गाडीत चढतो. गाडी सुटते, पुस्तक संपतं. बाप दार उघडेल की नाही, ते कुणालाच माहीत नाही. संपूर्ण प्रकरणात वेळ कुठेही लिहिलेली नव्हती. मी विचारलं, तर काका म्हणाले, "ती मला खरंच माहीत नाही." पाळकसाहेबांच्या मुलीने एका बैठकीत वाचलं आणि म्हणाली, "चालेल." त्या वयात याहून मोठी शाबासकी नसते.

पुस्तकाचं प्रकाशन चर्चच्या आवारात झालं. काकांनी नवा शर्ट घातला होता. चौकच्या आजींना वाचता येत नाही, म्हणून त्यांनी काकांचाच हात धरून विचारलं, "पोचला का रं घरी?"

"नाही आजी," काका म्हणाले. "पण जिवंत आहे. निघालाय."

"निघालाय?" आजी घाईघाईने मागे वळल्या आणि पाळकसाहेबांना म्हणाल्या, "वही आना. त्याचं नाव खोडू नका. पोर वाटेत हाय."

आमच्या घरात त्यांच्यासारखी प्रार्थना नसते. संध्याकाळी देवापुढे दिवा लावते, मुलाबाळांची नावं घेते, तेवढंच. पण गेले काही महिने त्या नावांत एक नाव जास्त येतं. पुस्तक मीच टाइप केलंय, शेवट मला पाठ आहे, तरी येतं. काकांना हे मी अजून सांगितलेलं नाही.