नायलॉनची गाठ

माझ्या साडूला मासे धरायला मी शिकवलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण तो स्वतःहून कुणाला सांगत नाही. पांडेसऱ्याला कापडाच्या डाइंग मिलमध्ये कामाला असलेल्या या माणसाला रोहू आणि मरळ यांतला फरक कळत नव्हता. तापीच्या गोड्या पाण्यात कणकेचा गोळा लावायचा आणि डुमसकडच्या खाडीत कोळंबी, हे मी सांगितलं. काठीसुद्धा मीच निवडून दिली. आणि वर्षभरात मासे कुणाला लागायला लागले? त्याला!

तेही मी पचवलं असतं. पण माझे वडील त्याच्या शेजारी बसायला लागले, आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

वडिलांनी उभा जन्म लिंबायतमध्ये लूम चालवले. त्या खडखडाटात कान गेले, मग गुडघे गेले. सुट्टीच्या दिवशी मी त्यांना रिक्षात बसवून पाण्यावर नेतो. आम्ही फारसं बोलत नाही, पण त्यांचं गोणपाट माझ्या काठीजवळ अंथरलेलं असायचं. साडू यायला लागल्यापासून ते गोणपाट हळूहळू त्याच्याकडे सरकलं. तो त्यांच्या कानाशी तोंड नेऊन काहीबाही विचारायचा आणि ते हसायचे. माझ्याशी ते असं कधी हसले, मला आठवत नाही.

गेल्या हिवाळ्यात एकदा खाडीत भरतीचं पाणी चढत होतं. साडूच्या पिशवीत दोन बोय मासे होते, माझ्या पिशवीत कोळंबीचा वास. तेवढ्यात माझी काठी वाकली. असला जड मासा मला जन्मात लागला नव्हता. वडील गुडघे विसरून उठले आणि माझ्याकडे आले. साडूकडे पाठ करून, हेही मी त्या गडबडीत बघून घेतलं.

आणि दोरी सैल पडली.

ओढून पाहिली तर तुटलेली नव्हती. जिथे गळाची दोरी जोडली होती तिथली गाठ सुटून आली होती. ती गाठ वडिलांनीच मला लूमवर शिकवली होती. तुटलेला धागा जोडायला कारखान्यात सगळे तीच मारतात. माझी बोटं ती डोळे मिटून मारतात.

वडिलांनी दोरीचं टोक हातात घेतलं. "ही धागानी गाठ शे. नायलॉनले नई धरस."

"तुम्हाला माहीत होतं?" मी मोठ्याने म्हणालो.

"पाव्हणाले शिकाडी ना दुसरी."

माझा आवाज आणखी चढला. "त्याला शिकवली, आणि मला?"

ते रागावले नव्हते, तेच वाईट. "त्यानी इचारं," ते म्हणाले. "तू माले कधी काय इचारं रे?"

साडूने मान पाण्याकडे वळवली. शहाणा माणूस.

मग वडील तिथेच, माझ्या काठीजवळ, चिखलात बसले. दोरी थुंकीने ओली केली, वेढे घातले आणि दात लावून गाठ आवळली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना काही विचारावं असं माझ्या ओठांवर आलं, आणि आलं ते हे: त्याचीही एवढीच घट्ट आवळली होती का?