तीन शिट्ट्यांची बिअर

आमच्या वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांइतका आत्मविश्वास आखातातल्या आमच्या अख्ख्या अल मनखूल वस्तीत दुसऱ्या कुणाकडे नाही. लिफ्ट बंद पडली की दुरुस्तीला आलेल्या माणसाला तेच सूचना देतात. पार्किंगमध्ये अनोळखी गाडी "यल्ला, चला, अजून मागे, बिनधास्त" म्हणत खांबाला टेकवतात आणि खांबच चुकीच्या जागी असल्याचं सांगतात. गेल्या हिवाळ्यात त्यांनी घरी बिअर करायला घेतली. माणूस कायदा पाळणारा, त्यामुळे यीस्ट नाही, दारू नाही. मोड आणून वाळवलेल्या जवाचं, म्हणजे माल्टचं पाणी, बिअरला वास आणि कडूपणा देणारी हॉप्सची वाळलेली फुलं आणि शेवटी सोडा मशीन. तरी तिला बिअरच म्हणायचं, हा त्यांचा आग्रह.

आग्रहाचं कारण त्यांचे वडील. पुण्यात घशाचे उपचार संपवून ते काही महिने मुलाकडे आले होते. रेडिएशननंतर त्यांना सगळंच कडू लागे. वरण, पेरू, पाणीसुद्धा. दारू डॉक्टरांनी कायमची बंद केली होती. पूर्वी सुट्टीच्या दुपारी बापलेक एक बाटली दोघांत घेत. वडील परत जाण्याआधी तशी एक दुपार शेजाऱ्यांना हवी होती. म्हणून त्यांनी शोधून सगळ्यात कमी कडू जातीचे हॉप्स मागवले, आणि डाळीचं करतात तेच त्यांचं केलं. कुकरला लावून तीन शिट्ट्या दिल्या.

पहिला घोट मला मिळाला. कडुनिंबाचा रस त्यापुढे सरबत.

"माल खराब आहे," ते म्हणाले. "सप्लायरला मेल टाकतो."

"अहो, माल नाही, तुमच्या शिट्ट्या कडू आहेत," वहिनी म्हणाल्या. "वेलची उकळली की कडवटते, म्हणून मी ती बासुंदी उतरवल्यावर घालते ना?"

"बासुंदी वेगळी. ही एक प्रोसेस आहे."

पुढच्या रविवारी मात्र त्यांनी गॅस बंद करून मगच फुलं घातली, झाकण ठेवलं आणि ही पद्धत आपणच कशी शोधली ते आम्हाला सविस्तर सांगितलं. वहिनींनी मान डोलावली.

वडिलांनी एक घोट घेऊन बराच वेळ तोंडात ठेवला. "अरे, याला कडूपणाच नाही," ते म्हणाले. "बिअर कशी म्हणायची याला?"

आजारानंतर त्यांच्या जिभेने पहिल्यांदाच कशाला तरी कडू नाही असं म्हटलं होतं. कुठलीही टीका उत्तर दिल्याशिवाय न सोडणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांनी ही टीका लगेच मान्य केली.

"पुढच्या वेळी हॉप्स थोडे जास्त घालतो, बाबा."

"घाल," वडील म्हणाले आणि त्यांनी ग्लास पुढे केला. वडिलांच्या मंगळवारच्या विमानाचा विषय त्या दुपारी कुणी काढला नाही.