चिंचेने घासलेली शिवराई
देवाची भांडी घासायला चिंच भिजवली, की तिच्या आंबट वासाबरोबर अमेरिकेतल्या ईडन प्रेरीतलं ते बेसमेंट आठवतं. मी पुण्याहून नवीनच आले होते. ओळखीच्या एका काकांनी त्यांच्या त्या बेसमेंटमध्ये जुन्या नाण्यांचा अल्बम दाखवला आणि माझी उत्सुकता पाहून एक काळपट शिवराई, म्हणजे मराठेशाहीतलं तांब्याचं नाणं, हातावर ठेवली. "घरी ने, निवांत बघ. नेक्स्ट वीकेंडला आण." मी ती चिंच-मीठ लावून खसखसून घासली. परत दिली तेव्हा लखलखत होती. काकांनी ती खिडकीच्या उजेडात बराच वेळ धरली आणि एवढंच म्हणाले, "राहू दे आता तुझ्याकडेच." मी हरखून गेले. माझा संग्रह काकांच्या गिफ्टने सुरू झाला, असं पुढे कितीतरी जणांना मिरवून सांगितलं. खरा नाद लागला तेव्हा कळलं, की जुन्या नाण्याचा काळपटपणा घासून काढला की संग्राहकाच्या लेखी ते नाणं संपतं. आज माझ्याकडे तीन अल्बम आहेत, आणि ती शिवराई मी कुणालाच दाखवत नाही. काका गेल्यावर काकूंनी त्यांचा अल्बम उघडून दाखवला, तेव्हा त्या शिवराईचा कप्पा तसाच रिकामा होता.